आलमारीतला कुबट वास आणि कारंज्याच्या पोथ्या

आलमारीला कुबट वास लागतो तो पावसाळ्यात, असं सगळेच धरून चालतात. अमरावती-अकोल्याकडे मात्र त्याची सुरुवात मे महिन्यात होते, आणि ती कूलर करून देतो. बाहेर पारा 45च्या पुढे, घरात वाळा नाहीतर गवत भरलेल्या ताट्यांतून दिवसरात्र ओली हवा सुटलेली, आणि तिच्या तोंडासमोरच भिंतीत बसवलेली प्लायवूडची आलमारी. थोड्याच दिवसांत आतल्या सुती साड्या हाताला गार लागतात. मृग येतो तो अशा आयत्या ओलीवर.

कूलर नव्हते तेव्हा हाच उन्हाळा पेट्या-फडताळं फुकटात कोरडी करून द्यायचा. त्याचा नेमका उपयोग कसा करायचा, हे मी सासूबाईंकडून शिकले. त्या कारंज्याच्या. कारंजा लाड आज वाशीम जिल्ह्यात आहे, 1998 पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होतं. सासूबाई जैन नव्हत्या, पण माहेरचा शेजार जैनांचा; त्यामुळे ज्येष्ठ शुद्ध पंचमीला घरातल्या पेट्या उघडल्या नाहीत असं कधी व्हायचं नाही.

दिगंबर जैनांची ही श्रुतपंचमी. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांचा ‘षट्खंडागम’ लिहून पूर्ण झाला, त्याची ही आठवण. त्या दिवशी शास्त्रभांडारातल्या पोथ्या बाहेर काढतात, झटकतात, त्यांना ऊन-वारा देतात, जुनी वेष्टनं बदलून कोरड्या कापडात पुन्हा घट्ट बांधतात आणि पूजा करतात. तिथी बघा, पाऊस अगदी तोंडावर आलेला असतो. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी येते कार्तिक शुद्ध पंचमीला, पाऊस सरल्यावर. कारणं धार्मिक असतील, पण कागदाला याहून सोयीचं वेळापत्रक सापडायचं नाही.

कारंज्याची भांडारं जुन्या हस्तलिखितांसाठी नावाजलेली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले (आताची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था) प्राध्यापक हिरालाल जैन यांनी तिथल्या अपभ्रंश पोथ्यांवर काम केलं. त्यांनी संपादित केलेलं ‘णायकुमारचरिउ’ 1933 साली कारंज्याहूनच छापून निघालं. पुढे 1939 मध्ये ‘षट्खंडागमा’च्या धवला टीकेचा पहिला भाग त्यांच्याच संपादनाखाली अमरावतीहून प्रसिद्ध झाला. ज्या ग्रंथाच्या नावानं पोथ्यांना ऊन दाखवायचं, तो ग्रंथ आमच्या अमरावतीनं छापून लोकांपुढे ठेवला, याचा मला भारी अभिमान आहे. कारंज्याच्या पोथ्या प्राध्यापकांच्या हाती वाचण्याजोग्या पडल्या, त्यात दरवर्षीच्या झटकण्या-बांधण्याचा वाटा थोडा नसणार.

सासूबाईंनी हेच शास्त्र लुगड्यांना लावलं होतं. त्यांची सागवानी पेटी श्रुतपंचमीला अंगणात रिकामी व्हायची, झाकण उघडं ठेवून तळ उन्हाकडे केला जायचा. आत जायचा तो सावलीत वाळवून चुरचुरीत झालेला कडुनिंबाचा पाला, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले वेखंडाचे तुकडे. नवी नवरी असताना मी घाईनं दमट पाला हातात घेतला, तर म्हणाल्या, “वला पाला टाकशीन त पेटीच सडन, माय!” दुसरा नियम त्याहून कडक: खळीचा कपडा पेटीत जाणार नाही. खळ म्हणजे पिठूळ पाणी. ओल लागली की आंबूस वास सुटतो आणि कसर नेमकी त्यावरच तुटून पडते. वर्षभरासाठी ठेवायचं लुगडं खळ काढून, साध्या पाण्यात खळबळून, कडकडीत वाळवूनच घडी व्हायचं.

डांबराच्या गोळ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. कोळशाच्या डांबरातून निघणारं नॅप्थलीन एकोणिसाव्या शतकात हाती आलं ते मुख्यतः लोकर खाणाऱ्या किड्यांवर चाललं. लोकरी कोट-कांबळ्यांच्या मुलखात ते ठीक. या किड्यांची अळी लोकर आणि रेशीम खाते, निव्वळ सुती कापडाच्या वाट्याला सहसा जात नाही. 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचलेल्या आगगाडीनं अकोला-बडनेऱ्याहून कापसाच्या गाठी मुंबईला नेल्या. त्या कापसाच्या मुलखानं ट्रंकेट्रंकेत या गोळ्या कशाला भराव्यात? एखादा शालू, एखादी घोंगडी सोडली तर त्यांना काम नव्हतं. आणि वास घालवतात म्हणावं, तर त्या कुबट वासावर आपला वास चढवतात. लग्नाच्या मांडवात शेजारी कोण येऊन बसलं ते न बघता कळतं. शिवाय जी6पीडी या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला नॅप्थलीनमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. म्हणून बाळंतविड्याच्या कपड्यांत तरी ही गोळी नकोच.

लोखंडी आलमारीनं चोराची भीती कमी केली. गोदरेजची ‘स्टोअरवेल’ 1923ची, म्हणजे किंग एडवर्ड कॉलेजच्याच वयाची. पुढे ती लग्नाच्या आंदणात आली. पण पेटी अंगणात नेता यायची, आलमारी कोण नेणार? फ्लॅटमध्ये तर अंगणही गेलं.

तेव्हा मी कूलरचं तोंड फिरवलं आहे, आणि समोरची खिडकी बोटभर उघडी असते. ज्येष्ठ पंचमीला आलमारी रिकामी करून दारं दिवसभर सताड उघडी टाकते, कपडे गच्चीवर. खालच्या खणात रुंद तोंडाच्या मडक्यात कळीचा चुना ठेवते, अर्ध्याच्या खालीच, कारण ओल पिऊन तो फुगतो. त्याला पाण्याचा थेंब आणि पोरांचा हात लागू द्यायचा नाही. खडे फुटून पूड झाली की चुना बदलायचा. शेजारच्या टोपलीतला लाकडी कोळसा मात्र कडक उन्हात पसरून पुन्हा वापरता येतो.