खाशाबांचा अर्धा तास आणि पैलवानाचा गुडघा



चैत्र लागला की माझ्या दवाखान्यात गुडघ्याचे पेशंट वाढतात. शिरवळच्या आजूबाजूला जत्रा सुरू होतात, जत्रेत फड लागतो, आणि सोमवारी सकाळी एखादा पैलवान लंगडत येतो. मागच्या हंगामात असाच एक कॉलेजचा मुलगा आला होता, वय एकोणीस. पट काढायला खाली गेला, समोरच्याचा सगळा भार अंगावर आला, पाय जागेवर राहिला आणि अंग फिरलं. ‘कट्’ असा आवाज त्याने स्वतः ऐकला होता. गुडघा तासाभरात सुजून नारळाएवढा झाला होता. सोबत वडील होते. ते म्हणाले, “डॉक्टर, तेवढी सूज उतरवा. रविवारी पोराची कुस्ती लागलीय.”

मी त्यांना बसवलं आणि विचारलं, “खाशाबा माहीत आहेत ना?” सातारा जिल्ह्यातल्या कुठल्याही बापाला हे विचारायची गरज नसते.

आपल्या इथून महामार्गाने खाली निघालात की साताऱ्याच्या पुढे कराड लागतं आणि कराडला लागूनच गोळेश्वर. खाशाबा दादासाहेब जाधव तिथले. जन्म 15 जानेवारी 1926. वडील पैलवान, पाच भावांत हे धाकटे. शाळा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, आणि पुढे कोल्हापूरचं राजाराम कॉलेज. खाशाबा कॉलेजचे पैलवान होते, हे आपण विसरतो. अंगाने किरकोळ दिसायचे, पण ढाक डाव असा की भलेभले हवेत जायचे.

1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, 52 किलो गटात. खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला. सगळी उमर लाल मातीत गेलेली, आणि तिथे मॅट. नियमही वेगळे. तरीही सहावा नंबर आला.

इथे जरा थांबू, कारण माती आणि मॅट यांतला फरक गुडघ्याला फार कळतो. आपल्या हौद्यातली माती भुसभुशीत असते. अंग फिरलं की पायही थोडा सरकतो, पिळाचा जोर मातीत जिरतो. मॅटवर बूट घट्ट धरून बसतो. पाय रोवलेला आणि मांडी फिरलेली, अशा वेळी तो पीळ गुडघ्याच्या आतल्या दोरीवर, म्हणजे लिगामेंटवर, आणि दोन हाडांमधल्या गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर येतो. याचा अर्थ मातीत गुडघा मोडत नाही असा नाही, समोरचा अंगावर पडला की तिथेही मोडतो. पण जत्रेसाठी मातीत आणि स्पर्धेसाठी मॅटवर, असं दोन्हीकडे लढणाऱ्या मुलाने मॅटवर पाय टाकायला वेगळं शिकावं लागतं.

1952 ला हेलसिंकी. या वेळी गट 57 किलोचा. पैसे पुन्हा नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. (आज एखाद्या प्राचार्यांनी असं केलं तर घरचे काय म्हणतील, याचा विचार करून बघा.) तिथे खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं.

मग तो प्रसंग, जो आपल्याकडे नेहमी सांगितला जातो. जपानच्या शोहाची इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटं चालली आणि थोडक्यात गेली. लगेच पुकारा झाला: पुढची कुस्ती, सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव. नियमाप्रमाणे दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते ठणकावून सांगायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगानेच उतरले आणि हरले. ब्राँझ मिळालं. सोनं इशीला, रौप्य ममदबेयोवला.

आता तुम्ही म्हणाल, अर्ध्या तासाने असा काय फरक पडणार होता? डॉक्टर म्हणून सांगतो, बराच. जोरदार झटक्यासाठी स्नायूंत जी तयार शक्ती असते, ती पहिल्या काही सेकंदांतच संपत येते आणि बऱ्यापैकी भरून यायला तीन ते पाच मिनिटं लागतात. पुढे स्नायू साखर जाळतात आणि रक्तात लॅक्टेट साठतं. पंधरा मिनिटांच्या झुंजीनंतर ते निम्म्यावर यायलाच साधारण पंधरा-वीस मिनिटं जातात. पकड धरून धरून हाताचे पंजे आणि दंड भरून येतात, बोटं मिटत नाहीत. पैलवानाला विचारा, तो सांगेल की हात गेले की डाव गेला. त्यात थकलेला स्नायू सांध्याला वेळेवर आवळून धरत नाही. म्हणून अशा वेळी नुसती हार होत नाही, दुखापतही होऊ शकते. नियम लिहिणाऱ्यांनी तो अर्धा तास उगाच घातला नव्हता.

स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून पैसे जमवले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं.

पुढचं ऑलिंपिक 1956 ला मेलबर्नला होतं. खाशाबांना तिथेही जायचं होतं. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने ते राहून गेलं.

त्या काळात गुडघ्याच्या आत बघायची सोय नव्हती. एक्स-रेत हाड दिसतं, गादी आणि दोरी दिसत नाही. एमआरआय यायला अजून काही दशकं होती. दुर्बिणीतून फाटलेला तेवढाच तुकडा काढायची पहिली शस्त्रक्रिया टोकियोत डॉ. वातानाबे यांनी 1962 साली केली. तोवर गुडघा उघडून अख्खी गादी काढून टाकायची रीत होती. अशा गुडघ्याची पुढे झीज होते, हे फेअरबँक नावाच्या इंग्रज डॉक्टरने दाखवलं ते 1948 साली, लंडन ऑलिंपिकच्याच वर्षी. ते ज्ञान सगळीकडे पोचून ऑपरेशनची रीत बदलायला अनेक वर्षं गेली.

खाशाबा 1955 ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले आणि असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. 14 ऑगस्ट 1984 ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दुसरं वैयक्तिक पदक भारताला मिळालं 1996 साली, टेनिसमध्ये लिअँडर पेसला. मधे 44 वर्षं.

तर आता तुमच्या घरातल्या पैलवानाबद्दल. मार लागल्यावर तास-दोन तासांत गुडघा टम्म सुजला, तर आत रक्तस्राव झाला असण्याची शक्यता मोठी असते, आणि त्यामागे बहुतेक वेळा दोरी तुटलेली असते. गुडघा मधेच अडकतो, सरळच होत नाही, तर गादीचा तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो. उतार उतरताना गुडघा दगा देतो, हेही दोरीचंच लक्षण. पहिले दोन दिवस तेल लावून चोळू नका, शेकू नका आणि कोणाकडून ओढून-झटकून बसवून घेऊ नका. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पट्टी बांधा, पाय उशीवर घ्या आणि दाखवा. वेदनेची गोळी खाऊन फडात उतरणं सगळ्यात वाईट. दुखणं हा शरीराचा पुकारा असतो, तो गोळीने बंद केला तरी आतली गादी फाटतच राहते.

वजन उतरवण्याबद्दल एकदा सविस्तर लिहीन. आज एवढंच, की 1997 साली अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान महिना-सव्वा महिन्याच्या अंतरात गेले. तिघेही वजनगटात बसायला घाम गाळून अंगातलं पाणी काढत होते. नंतर तिथले नियम बदलले. आपल्याकडेही वजनाच्या आदल्या रात्री जर्किनवर जर्किन घालून पळणारी मुलं मी पाहतो.

त्या मुलाच्या एमआरआयमध्ये पुढची दोरी तुटलेली निघाली, गादीलाही चीर होती. रविवारची कुस्ती अर्थातच झाली नाही. वडील दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ऑपरेशन झालं, मग व्यायाम सुरू झाले. अशा ऑपरेशननंतर मैदानात परतायला नऊ महिने तरी लागतात. सहाव्या महिन्यात बाप-लेक पुन्हा आले, पोराला फडात उतरायची घाई झाली होती. मी काही बोलायच्या आत वडीलच म्हणाले, “अजून तीन महिने हायत, डॉक्टरांनी सांगितलंय ना.”