सात आखूड, एक लांब

खिसा चाचपून बघा. मोबाइल नाही. आहे तो भारतीय पासपोर्ट, आतलं नाव आणि जन्मतारीख कुणा कारकुनानं शाईनं लिहिलेली. दुसऱ्या खिशात छत्तीस फोटोंचे दोन रोल. आज १६ जुलै १९८८, शनिवार. तुम्ही मायामीच्या बंदरात रांगेत उभे आहात आणि सदरा पाठीला चिकटलाय. न्यू जर्सीत नोकरी करणारे इंजिनिअर आहात, चाळिशी अजून लागायचीय. शेजारी बायको, दोन मुलं आणि दादरहून उन्हाळ्यापुरती आलेली आई.

आता मान वर करा. अजून वर. ती पांढरी भिंत इमारतीची नाही, बोटीची आहे. ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ फ्रान्समधल्या सेंट-नाझेरच्या गोदीत बांधली आणि याच जानेवारीत पहिल्यांदा प्रवासी घेऊन निघाली. लांबी २६८ मीटर, टनभार ७३,१९२. हा टनभार म्हणजे वजन नव्हे, बोटीच्या पोटात बंदिस्त जागा किती याचं ते माप. एका खोलीत दोघं धरली तरी २,२७६ माणसं. निव्वळ सुट्टीसाठी बांधलेली एवढी मोठी बोट जगानं याआधी पाहिलेली नाही.

आई पदरानं मानेचा घाम पुसते आणि तुमच्याकडे वळते. “अरे, ही आगबोट आहे की गिरगावातली चाळ उचलून पाण्यात ठेवलीय?”

आत पाऊल टाकताच मुलं गप्प होतात. बोटीच्या मधोमध पाच मजले उंच मोकळी जागा, पितळी कठडे, चकाकणारे जिने आणि काचेच्या लिफ्ट. या चौकाला इथे ‘सेंट्रम’ म्हणतात. पुढं असे चौक प्रत्येक मोठ्या बोटीवर होतील आणि कुणी मान वर करूनही बघणार नाही. पण आज काचेच्या लिफ्टमधून वर जाणारा माणूस खालच्यांना हात करतो आणि खालचे उलट हात करतात. तुमची नऊ वर्षांची मुलगी अर्ध्या तासात सहा वेळा वर-खाली करून येते. जाऊ द्या तिला.

खोली मात्र बघून हसू येईल. जेमतेम सव्वाशे चौरस फूट. दोन पलंग, भिंतीतून उघडणारे वरचे दोन बर्थ, थेट रेल्वेच्या डब्यासारखे. आईसाठी शेजारची आतली खोली घेतलीय. तिला खिडकी नाही. बाल्कनी हा प्रकार या बोटीवर जवळजवळ नाहीच. तुम्ही ज्या काळातून आलात तिथे बाल्कनीशिवाय बुकिंग करायला अनेक जण नाखूश असतात. मला विचाराल तर ही जुनी रचना कुटुंबासाठी बरी होती. खोलीत करण्यासारखं काही नाही म्हटल्यावर माणसं डेकवर येतात, खुर्च्या ओढतात, ओळखी काढतात. रात्री झोपायला खोली आणि दिवसभर अंगण. चाळीत वाढलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही.

निघण्याआधी भोंगा होतो. सात आखूड, एक लांब. सगळ्यांनी नारिंगी जॅकेट घालून आपापल्या लाइफबोटीखाली जमायचं. लोक हसतायत, एकमेकांचे फोटो काढतायत, कुणाच्या हातात छत्री खोचलेला ग्लास आहे. मुलगा जॅकेटची शिट्टी वाजवून बघतो.

आई हसत नाही. ती डोक्यावर टांगलेल्या लाइफबोटीकडे बघते. बोटीच्या अंगावर तिच्यात किती माणसं मावतात तो आकडा रंगवलाय. आई तो वाचते, मग आपल्या गटातली माणसं बोट दाखवून मोजायला लागते. मोजून झाल्यावर जॅकेटचा पट्टा ओढून बघते. मग परत एकदा. नातीचा ओढते, नातवाचा ओढते, सुनेचा. शेवटी तुमच्यापुढे येऊन उभी राहते आणि तुम्ही लहान मुलासारखे हात वर करता.

कवायत संपते, लोक जॅकेटं काखेत मारून बारकडे वळतात. आई तिचं काढत नाही. रात्री खोलीत डोकावलात तर ते तिच्या उशाशी असतं. काही बोलू नका. उद्या काय तारीख आहे ते आठवा.

१७ जुलै. रविवार, पूर्ण दिवस समुद्रात. पाणी इतकं निळं की मुलांना ते रंग घातल्यासारखं वाटतं. तलावाजवळ स्टीलड्रम वाजतोय. आई पहाटेच उठून मागच्या डेकवर जाऊन बसलीय, बोटीमागं उमटणाऱ्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत. तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसता आणि ती आपणहून बोलते. यंदा अधिक महिन्यामुळे गटारी ऑगस्टात गेलीय, पण तारीख आजचीच, असं म्हणते.

१९४७ साली याच तारखेला आषाढी अमावास्या होती. सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही बोट रेवसकडे निघाली. सण घरी करायचा म्हणून मुंबईतले चाकरमानी खच्चून भरलेले. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांनी बोट कलली, माणसं एका अंगाला धावली आणि थोड्याच वेळात ती बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला हे कळायलाच कित्येक तास लागले. जी वाचली त्यातली बरीचशी रेवसच्या कोळ्यांनी होड्यांत ओढून घेतलेली. आई तेव्हा पंधरा वर्षांची, थळच्या घरी. गिरगावातल्या छापखान्यात काम करणारे तिचे धाकटे काका त्या बोटीवर होते.

“नारळ आणणार होते म्हणून आजी हसली होती,” आई सांगते. “थळला कुणी मुंबईहून नारळ आणतं का? पण त्यांना काहीतरी हातात घेऊन यायचं असायचं.”

स्टीलड्रमवाला नवं गाणं सुरू करतो. तुम्ही आईच्या हातावर हात ठेवता. त्या घटनेला एकेचाळीस वर्षं झाली, तुम्ही तिच्या पोटचे, आणि नारळाचं हे तुम्ही आज ऐकताय. मुंबईत तिला घरकामातून, तुम्हाला कामातून सवड नव्हती. इथे फोन वाजत नाही. उपग्रहावरून फोन करायचा तर मिनिटाचे इतके डॉलर पडतात की घरी कुणी आजारी असल्याशिवाय कुणी त्या खिडकीकडे फिरकत नाही. बाहेरच्या जगाचं जे काही येतं ते दाराखालून सरकवलेल्या कागदावर. सुट्टी म्हणून तुम्ही पैसे मोजले ते लोण्याच्या मूर्ती आणि मध्यरात्रीच्या बुफेसाठी. तुम्हाला मिळाली ती ही सकाळ.

संध्याकाळी जेवण. दोन मोठी भोजनगृहं, दोन पंगती, आणि भोजनगृहांना नावं ब्रॉडवेच्या संगीत नाटकांची. तुमचं टेबल ‘किस्मेट’मध्ये. आई पाटीवरची अक्षरं जुळवते आणि तिचा चेहरा उजळतो. “किस्मत! अशोककुमारचा!” तो १९४३चा सिनेमा तिनं मामाबरोबर पाहिलेला. आता ब्रॉडवेचं ‘किस्मेट’ वेगळं, हे तिला सांगू नका. शब्द एकच आहे, अरबस्तानातून दोन वाटांनी आलेला.

मेनूकार्ड लांबलचक आहे आणि आईला त्यातलं ब्रेड आणि उकडलेले बटाटे एवढंच चालतं. वेटर वाकून विचारतो, आई त्याच्या उच्चाराकडे कान देते आणि सरळ मराठीत म्हणते, “गोव्याचा का रे तू?”

“हो आई. सासष्टीचा.”

एवढ्या एका ‘आई’नं तुमच्या टेबलाचा नूर बदलतो. त्याचा आजा तारवटी, म्हणजे खलाशी, बापही तारवटी. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबी तलावच्या कुडात राहिलेला. कूड म्हणजे गावानं आपल्या खलाशांसाठी घेतलेली खोली. भिंतीला लावलेल्या पेट्या, एका कोपऱ्यात अल्तार, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. पेटीतली सर्वांत जपायची वस्तू म्हणजे खलाशाचं नोंदपत्र. जुनी माणसं त्याला ‘नळी’च म्हणत, कारण पूर्वी ते कागद गुंडाळून नळीत ठेवत. हे सगळं तो चार फेऱ्यांत सांगतो, एका हातावर पाच ताटल्या पेलत. घरी मुलगी आहे, दहा महिन्यांची. त्यानं तिला फोटोत पाहिलंय.

दुसऱ्या रात्री आईपुढे तो एक खोल ताटली ठेवतो. पांढरा भात, वर पिवळं वरण. मेनूवर हे कुठेच नाही. खाली खलाशांच्या मेसमध्ये रोज भात-कालवण शिजतं, तिथून आणलंय. तूप नाही, म्हणून लोण्याचा गोळा. आई पहिला घास घेते आणि काही न बोलता दुसरा घेते. पाच मजली चौक, धुराड्याला वेढा घालून बांधलेला तो काचेचा लाउंज, हे सगळं तुम्ही घरी गेल्यावर मित्रांना सांगाल. आई मात्र दादरला हेच सांगेल.

बंदरं पटापट जातात. सॅन हुआनला एल मोरो किल्ल्याचे बुरूज आणि खाली निळसर विटांचे रस्ते. लोखंडाच्या मळीपासून पाडलेल्या त्या विटांवर पाऊस पडला की निळा रंग खुलतो. सेंट थॉमस हे बेट अमेरिकेनं १९१७ साली डेन्मार्ककडून विकत घेतलं, पण गाड्या तिथे अजून डावीकडून चालतात. बाजारात दागिन्यांच्या दुकानात सिंधी शेठ बसलेला असतो, तो आईला स्टूल देतो आणि मुंबईतल्या पावसाची चौकशी करतो.

लाबादीला जरा थांबा. हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचा हा तुकडा १९८६पासून बोटीच्या कंपनीकडे भाड्यानं आहे. धक्का नाही, छोट्या होड्यांतून किनारा गाठायचा. तुम्हाला वाटतं आई नाही म्हणेल. ती साडी खोचून सगळ्यांच्या आधी उतरते. “होडीला मी कुठे भिते? होडीवाल्याला पाणी कळतं.” वाळू मऊ, माड वाकलेले, मांसाचा धूर. गेल्याच महिन्यात, २० जूनला, या देशाच्या राष्ट्राध्यक्षाला लष्करानं हटवलंय. कुंपणापलीकडे लाकडी मासे विकायला उभी असलेली पोरं तुमच्या मुलाच्या वयाची आहेत. तुमचा मुलगा एक मासा घेतो आणि दिवसभर त्या पोरांकडे वळून वळून बघतो. त्याला काय उत्तर द्यायचं ते तुम्हाला १९८८मध्ये सुचत नाही. तुम्ही जिथून आलात तिथेही सुचलेलं नव्हतं.

शेवटच्या रात्री बॅगा रंगीत चिठ्ठ्या लावून दाराबाहेर ठेवायच्या. वेटर आईच्या पाया पडतो, आई त्याच्या हातात काहीतरी कोंबते. शनिवारी सकाळी मायामीला उतरताना तो तुम्हाला पुन्हा दिसतो. धक्क्यावर टेलिफोनच्या खोक्यांपुढे खलाशांची रांग लागलीय, त्यात तो नाणी मोजत उभा आहे. संध्याकाळी पुन्हा दोन हजार माणसं चढणार. तेवढ्यात त्याला एक मुलगी ऐकायचीय, जिला अजून बोलता येत नाही.

इथे डोळे मिटा, वर्षं उलटू द्या. २००९, २०१६, बोटी वाढतच जातात. २०२४ साली ‘आयकॉन ऑफ द सीज’ येते, टनभार २,४८,६६३, तुमच्या पांढऱ्या भिंतीच्या तिपटीहून जास्त. ‘सॉव्हरिन’ ते बघायला नाही. २०२०च्या उन्हाळ्यात, जग घरात कोंडलेलं असताना, ती तुर्कस्तानात अलिआगाच्या किनाऱ्यावर भंगारात निघाली. त्या काचेच्या लिफ्टही.

पण त्याच सेंट-नाझेरच्या गोदीतून दोनच वर्षांनी, १९९०मध्ये, तिची धाकटी बहीण शोभेल अशी ‘नॉर्डिक एम्प्रेस’ बाहेर पडली होती. तीन-चार रात्रींच्या बहामा सफरींसाठी बांधलेली. नावं बदलत, मालक बदलत ती २०२१ साली मुंबईला आली आणि ‘एम्प्रेस’ म्हणून बॅलार्ड पिअरवरून सुटू लागली.

डोळे उघडा. डिसेंबरची संध्याकाळ, बोट मुंबई बंदरातून बाहेर पडतेय. उजवीकडे कुलाबा मागे सरकतोय. डावीकडे लांबवर रेवस, पुढं थळ आणि खांदेरीचा दिवा. डेकवर गाणी लागलीत, माणसं सेल्फी काढतायत. चाळिशी ओलांडलेली तुमची मुलगी मात्र केबिनमध्ये आहे. कपाटातली नारिंगी जॅकेटं तिनं पलंगावर काढलीत, एक मुलाच्या गळ्यात अडकवलंय. तो कंटाळलाय, त्याला पोहायला जायचंय.

ती पट्टा ओढून बघते. मग परत एकदा.