गोन्साल्विस, ब्राझ

गोन्साल्विस, ब्राझ : गोमंतकीय जॅझ सॅक्सोफोनवादक, जॅझ आणि भारतीय राग यांचा मेळ घालणाऱ्या सुरुवातीच्या वादकांपैकी एक प्रमुख नाव. जन्म १९३०च्या दशकात, गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातील नेवरा येथे. टेनर आणि सोप्रानो ही त्यांची मुख्य वाद्ये.

त्यांच्या पिढीतील गोमंतकीय वादकांची घडण समजून घ्यायची तर चर्चच्या शाळेपासून सुरुवात करावी लागते. सोळाव्या शतकापासून गोव्यातील चर्चच्या शाळांत मुलांना संगीत शिकवले जाई. वाद्य हाती येण्याआधी मूल हाताने मात्रा मोजत कागदावरचे स्वर ‘डो, रे, मी, फा’ असे नावाने म्हणायला शिके. हा पाया पक्का झाला की मग बहुधा व्हायोलिन. उद्देश चर्चमधल्या गायनवादनाचा होता. पण त्यातून समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवू शकणारे वादक खेड्याखेड्यांतून तयार झाले. पणजीला आंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये संगीत अकादमी सुरू केली, त्याच्या कितीतरी आधीपासून हे शिक्षण गावोगाव चालू होते. ते देणाऱ्या शिक्षकांची नावे फारशी कुठे नोंदलेली नाहीत, याची खंत वाटते.

ही विद्या घेऊन गोमंतकीय वादक मुंबईला आले. दिवसा चित्रपटांचे ध्वनिमुद्रण, रात्री हॉटेलांतील बँड, असा त्यांपैकी अनेकांचा दिनक्रम असे. आल्दोना येथे जन्मलेले ट्रंपेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ, १९१६–६७) हे त्यांतले ठळक उदाहरण. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील पाश्चात्त्य वळणाच्या चालींमागे त्यांचा मोठा हात होता. चिक चॉकलेट यांची गायिका कन्या युव्हॉन या ब्राझ गोन्साल्विस यांच्या पत्नी.

कागद वाचता येण्याने पोट भरे. जॅझ मात्र कागदावरून शिकता येत नाही. मूळ धून एकदा वाजवून झाली की पुढचा विस्तार वादकाने त्या क्षणी रचायचा असतो. तो शिकायचा मार्ग म्हणजे अमेरिकी ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकणे आणि जाणत्यांच्या शेजारी बसून वाजवणे. गोन्साल्विस यांची खरी ओळख या उत्स्फूर्त वादनातूनच झाली. १९७०च्या दशकात कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील ‘ब्लू फॉक्स’ या उपाहारगृहात पियानोवादक लुई बँक्स आणि गायिका पॅम क्रेन यांच्यासह त्यांनी वादन केले.

‘रागा रॉक’ (१९७०) ही ‘ब्राझ गोन्साल्विस ७’ या चमूची ध्वनिमुद्रिका त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा टप्पा आहे. नावावरून ती त्या काळच्या फॅशनची वाटावी, पण सॅक्सोफोनवर राग कसा वाजवायचा, हा त्यामागचा प्रश्न गंभीर होता. सॅक्सोफोनचे स्वर चाव्यांनी बांधलेले. सनईसारखी भोके बोटांनी अर्धवट झाकून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे) काढण्याची सोय त्यात नाही. मींड ओठांचा दाब आणि श्वास यांवर साधावी लागते. मंगळूरकडच्या कद्री गोपालनाथ यांनी पुढे या वाद्यात फेरफार करून त्यावर शुद्ध कर्नाटक संगीत वाजवले. गोन्साल्विस यांची वाट वेगळी होती. राग हा त्यांच्यासाठी जॅझ विस्ताराचा आधार होता. वाद्याचा मूळ भरड, धातूचा आवाज त्यांनी जाऊ दिला नाही. भारतीय जॅझला अमेरिकी नकलेबाहेर काढणारे हे पाऊल होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला. सनी रोलिन्ससारखा थोर टेनरवादक त्या पहिल्याच वर्षी येथे वाजवून गेला. या महोत्सवाने गोन्साल्विस यांच्या प्रयोगांना जाणता श्रोता मिळवून दिला. १९८०च्या सुमारास लुई बँक्स, बंगळूरच्या कर्नाटक गायिका आर. ए. रमामणी आणि गोन्साल्विस यांनी एकत्र येऊन परदेशांतही कार्यक्रम केले. रमामणी यांची स्वरावली आणि सॅक्सोफोन यांची जुगलबंदी हे त्या मैफलींचे वैशिष्ट्य. अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो दक्षिण भारतात येऊन नागस्वरम हे तिथले सुषिरवाद्य शिकले, तो याच देवघेवीचा उलट दिशेने झालेला प्रवास होय.

उत्तरकाळात गोन्साल्विस दांपत्य गोव्यात परतले. हॉटेलांतील वादन मागे पडले आणि ख्रिस्ती भक्तिसंगीत हे त्यांचे मुख्य क्षेत्र बनले.