नानांची गोष्ट, माईची पुरवणी

आमच्या घरात औषधपाण्याचा इतिहास दोघं सांगत. नाना, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवर बसून चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. माई, म्हणजे आजी, मागच्या पडवीत तांदूळ निवडता निवडता सांगे, तेही विचारलं तर. नानांच्या गोष्टीतली माणसं शेवटी बरी होत. माईच्या पुरवणीत उरलेली माणसं असत.

नाना औंधच्या शाळेत शिकले. राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. पहाटेची थंडी, उघडी अंगं, मंत्राबरोबर एकदम खाली जाणाऱ्या पोरांच्या रांगा, आणि राजा स्वतःही रोज नमस्कार घालतो हा दरारा, हे सगळं नाना इतकं रंगवून सांगत की ऐकणाऱ्याची पाठ आपोआप ताठ होई. हा व्यायाम ऋषींच्या काळापासून जसाच्या तसा आपल्यापर्यंत आला, याबद्दल त्यांना शंका नव्हती. मी कॉलेजात असताना राजेसाहेबांचं लिहिलेलं वाचलं, तर त्यात निराळीच हकीकत निघाली. 1897 पासून सुमारे दहा वर्षं राजेसाहेब युजीन सँडोच्या पद्धतीने व्यायाम करत होते. सँडो प्रशियातल्या कोनिग्सबर्गचा, त्या काळातला जगातला सगळ्यांत नावाजलेला पहिलवान. त्याची पुस्तकं आणि सगळी साधनं राजेसाहेबांनी विकत आणली होती. नमस्कारांकडे ते वळले ते त्यानंतर. हे मी मोठ्या उत्साहाने नानांना सांगायला गेले. ते म्हणाले, "मग काय झालं? सोडलंच ना शेवटी?"

नानांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट मात्र उरुळी कांचनची. 1946 च्या मार्चमध्ये गांधीजी तिथे आठवडाभर राहिले. गरिबांसाठी निसर्गोपचार सुरू करायचा, हे त्यांच्या मनात होतं. आधी पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या चिकित्सालयातच ते करायचं ठरत होतं. पण खेड्यातल्या माणसाचं काम शहरात बसून होणार नाही असं वाटलं, आणि पुणे-सोलापूर मार्गावरचं हे गाव निवडलं गेलं. नाना तेव्हा शाळामास्तर होते. रजा काढून ते उरुळीला गेले. सकाळी रोग्यांची रांग लागे, आणि सांगितलेला उपचार बहुधा तोच असे: रामनाम, ऊन, कटिस्नान, ताक, फळं. "पुडी नाही, बाटली नाही, सुई नाही," नाना बोटं मोडत सांगत. गांधीजी पुढे गेले आणि त्यांचे अनुयायी मणिभाई देसाई तिथला निसर्गोपचार आश्रम सांभाळायला मागे राहिले. तो आश्रम आजही चालू आहे.

नाना परतले ते पक्के मातीवाले होऊन. गावात डबे-कंदील जोडून देणारा एक पत्रेवाला होता. त्याच्याकडून त्यांनी पाठीला टेकण असलेलं टब करून घेतलं. त्यात बेंबीपर्यंत गार पाणी घ्यायचं, पाय बाहेर कोरडे ठेवायचे आणि ओल्या फडक्याने ओटीपोट चोळत बसायचं, हे कटिस्नान. मातीचं काम जास्त निगुतीचं. शेतातली काळी माती, तीही वरची नाही. हातभर खणून खालची काढायची, उन्हात वाळवायची, चाळायची, रात्रभर भिजवायची. मग मांजरपाटाच्या पट्टीवर बोटभर जाडीचा थर पसरून ती पोटावर ठेवायची. मे महिन्यात आम्ही सगळी नातवंडं दुपारी ओळीने पट्ट्या घेऊन पडत असू. पोट दुखलं तर माती, डोकं दुखलं तर माती, परीक्षेत नापास झालं तरी माती. ती गार पट्टी पोटावर टेकली की पहिल्या क्षणी श्वास अडके आणि थोड्या वेळात झोप लागे. अशी दुपारची झोप मला पुढे कुठल्याच गोळीने मिळालेली नाही.

या मातीलाही परदेशाचा वास होता. कटिस्नान लाइपझिगच्या लुई कुन्हेचं आणि मातीची पट्टी अॅडॉल्फ जुस्टची. दोघेही जर्मन. गांधीजींनी त्यांची पुस्तकं दक्षिण आफ्रिकेत असताना वाचली, स्वतःच्या बद्धकोष्ठावर प्रयोग केले आणि मग ते इकडे आणले. म्हणजे औंधपासून उरुळीपर्यंत नानांच्या स्वदेशी आरोग्याला दोन्ही ठिकाणी जर्मन हात लागला होता. यात नाक मुरडण्यासारखं मला काही वाटत नाही. हे आमच्या ओसरीवर कुणी सांगितलं नाही, एवढंच.

नानांची सर्वांत लाडकी गोष्ट मणिलालची. 1902 मध्ये मुंबईत गांधीजींच्या दहा वर्षांच्या या मुलाला मुदतीचा ताप आला. सोबत न्यूमोनिया, रात्री वात. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचं सूप द्यायला सांगितलं. गांधीजी नाही म्हणाले. कटिस्नानं दिली, संत्र्याच्या रसात पाणी घालून तेवढंच पाजलं. ताप 104 च्या खाली येईना, तेव्हा ओल्या चादरीत मुलाला गुंडाळलं, वर कांबळी घातली आणि कासावीस होऊन स्वतः चौपाटीवर फेऱ्या मारायला गेले. परतले तेव्हा घाम फुटला होता. ताप उतरला. नाना इथे थांबत, आणि ओसरीवर कुणीतरी "वा!" म्हणे.

माईची पुरवणी इथे सुरू होई. "मग पुण्याला ससूनमध्ये पोट कशाला फाडून घेतलं हो त्यांनी?"

तेही खरंच. जानेवारी 1924 मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींचं अपेंडिक्स बळावलं. ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी 12 तारखेच्या रात्री शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळ होतं, मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. नाना म्हणत, "कैदी होते ते. सरकारच्या ताब्यात." माई म्हणे, "संमतीवर सही स्वतःच केली ना?" या प्रश्नाला नानांचं उत्तर मी कधी ऐकलं नाही. मणिलालच्या गोष्टीचं एक शेपूटही ते गाळत. मुलगा देवाच्या कृपेने बरा झाला, पाण्याच्या उपचाराने की पथ्याने आणि शुश्रूषेने, हे कोण सांगणार, असं आत्मकथेत गांधीजींनी स्वतःच म्हणून ठेवलं आहे. गुरूला पडलेली शंका शिष्याला पडली नाही.

माईच्या या चिडण्यामागे तिची पहिली मुलगी होती. 1947 च्या उन्हाळ्यात तिला मुदतीचा ताप आला. नानांनी मणिलालची गोष्ट मनात धरून ओल्या चादरी केल्या, माती ठेवली, रात्री जागवल्या. मुलगी तिसऱ्या आठवड्यात गेली. साताऱ्याहून डॉक्टर आणा म्हणून माई सांगत होती आणि ते आणले नाहीत, हे तिने मला एकदाच सांगितलं. पुन्हा कधी त्यावर बोलली नाही.

पुढे मी यातलं वाचत गेले. डॉक्टर आले असते तरी त्या उन्हाळ्यात त्यांच्या बॅगेत या तापावर खात्रीचं औषध नव्हतं. क्लोरोमायसेटिन त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत वेगळं काढलं गेलं, 1948 मध्ये ते मुदतीच्या तापावर चालतं हे कळलं आणि त्यानंतर बाजारात आलं. ज्या जंतूपासून ते मिळालं तो व्हेनेझुएलात, काराकासजवळच्या एका शेताच्या मातीत सापडला होता. मुदतीच्या तापाचं औषध अखेर मातीतूनच निघालं, फक्त त्यासाठी ती पोटावर ठेवून भागलं नसतं. हे सगळं माझ्या हाती आलं तोवर दोघंही गेले होते. माईचा राग त्यामुळे कमी झाला असता असं मला वाटत नाही, आणि तो व्हावा असंही नाही. डॉक्टर काय करू शकले असते हा तिचा मुद्दा नव्हता. तिला विचारलं गेलं नाही, हा होता.

माई स्वतःही काही आधुनिक नव्हती. तिचा विश्वास बिब्ब्यावर. पायाला भेगा पडल्या की सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायचा आणि गळणारं काळं तेल भेगेत सोडायचं. मोठ्या आत्याच्या टाचेवर तो उतला आणि पाय घोट्यापर्यंत फोडांनी भरला. ही पुरवणी माई सांगत नसे, आत्या सांगे. मेळघाटात अजूनही पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके देतात, त्याच्या बातम्या वाचताना मला आत्याची टाच आठवते. बरी झालेली बाळं पुढे वाढतात आणि तो उपचार जिवंत ठेवतात. गेलेली कुणाला काय सांगणार?

हे सगळं ऐकून वाढलेली मी प्रयोगांपासून लांब राहिले असेन असं वाटेल, पण छे. माईचं उटणं, शिकेकाई-रिठा, जलनेती, तेलाच्या गुळण्या, सगळं करून झालं. शिकेकाईने केस छान होतात आणि न्हाणीघराची मोरी तुंबते. जलनेतीने सर्दीत नाक मोकळं होतं, मात्र पाणी उकळून निववलेलं हवं. नळाच्या कच्च्या पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. क्वचित घडतं, पण घडलं तर माणूस सहसा वाचत नाही. गुळण्यांनी तोंड स्वच्छ वाटलं, पण गुडघेदुखी जागची हलली नाही.

एकदा उरुळीलाही राहून आले. पहाटे पोटावर आणि डोळ्यांवर माती, मग कटिस्नान, मालिश, दुधीचा रस, उकडलेल्या भाज्या, ताक, दिवस मावळायच्या आत जेवण. सुरुवातीला चहावाचून डोकं ठणकलं, मग ते थांबलं. पित्त गेलं, झोप सुधारली. याचं श्रेय मातीला किती आणि लवकर जेवण्याला, तळलेलं सोडण्याला, फोन बंद ठेवण्याला किती, हे मला वेगळं काढता येत नाही. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी मात्र मधुमेहाच्या गोळ्या मनानेच बंद केल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी त्या लगेच पुन्हा चालू करायला लावल्या. त्या रागावल्या. मला मात्र ते डॉक्टर तेव्हाच आवडले.

मातीची पट्टी मी अजून घेते. उन्हाळ्यात, दुपारी, झोपेसाठी. ताप आला तर घेत नाही. तो दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घेते, आणि घरातलं दुसरं कुणी आजारी असलं तर उपचार ठरवण्याआधी त्याला विचारते.