टाकाऊ फळी, टिकाऊ शिक्षण

एकोणिसाव्या शतकात व्यापार वाढला आणि त्याबरोबर लाकडी खोक्यांचा सुकाळ झाला. माल बाहेर काढला की खोके रिकामे होई, आणि बहुतेक घरांत त्याची वाट ठरलेली असे: चुलीकडे. काही शिक्षकांनी मात्र त्या फळ्या मुलांच्या हाती दिल्या आणि सोबत एक चाकू, एक करवत व एक मोजपट्टी ठेवली. त्यातून शिक्षणाच्या इतिहासातील एक विचारप्रवाह आकाराला आला. त्याची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, या हेतूने हा लेखप्रपंच.

या विचाराचे मूळ फिनलंडमध्ये आहे. उनो सिग्नेयस (१८१०–१८८८) हे लूथरन पंथाचे धर्मगुरू. तरुणपणी त्यांनी दूर अलास्कातील सिटका येथे उपासकांची सेवा केली. पुढे फिनलंडच्या प्राथमिक शाळांची उभारणी त्यांच्याकडे आली. पेस्तालोझी आणि फ्रोबेल यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८६३ मध्ये युवास्क्युला येथे शिक्षकांचे अध्यापन विद्यालय त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले, आणि १८६६ च्या आदेशाने हस्तव्यवसाय हा फिनलंडच्या शाळांत अभ्यासविषय झाला. जगात सर्वप्रथम हे पाऊल उचलणाऱ्या देशांत फिनलंडची गणना होते.

त्याच सुमारास शेजारच्या स्वीडनमध्ये वेगळी चिंता होती. लांबलचक हिवाळ्यात शेकोटीपाशी बसून चमचे, दांडे, पेट्या कोरण्याची शेतकऱ्यांची जुनी परंपरा यंत्रयुगाच्या रेट्यात लोपत चालली होती. १८६७ ते १८६९ या काळात तर दुष्काळाने देश होरपळला. गोथेनबर्गचे व्यापारी ऑगस्ट आब्राहमसन यांनी १८६८ मध्ये नेस नावाची इस्टेट विकत घेतली. तेथे १८७२ मध्ये मुलांसाठी शाळा निघाली, तिची धुरा त्यांचे भाचे ओटो सालोमन (१८४९–१९०७) यांनी वाहिली. १८७७ मध्ये सालोमन फिनलंडला जाऊन सिग्नेयस यांना भेटले आणि त्यांच्या दृष्टीला नवी दिशा मिळाली. हस्तकलेला स्वीडिश भाषेत ‘स्लॉइड’ म्हणतात. तेच या पद्धतीचे नाव झाले. पुढील काळात नेस येथील काही आठवड्यांच्या वर्गांना देशोदेशींचे हजारो शिक्षक आले.

सालोमन यांचे म्हणणे साधे होते. शाळेत सुतार घडवायचे नाहीत. माणूस घडवायचा आहे, सुतारकाम हे केवळ त्याचे साधन. म्हणून शिकवणारा कसबी कारागीर असण्यापेक्षा जाणता शिक्षक असावा. पहिले हत्यार चाकू, कारण तो खेड्यातील प्रत्येक घरी असतो. पहिली वस्तू म्हणजे एक छोटीशी काठी. मग पायरी पायरीने अवघड वस्तू. प्रत्येक वस्तू घरात उपयोगी पडेल अशीच हवी, आणि ती आरंभापासून अखेरपर्यंत एकाच मुलाने करावी. एकाने कापावे, दुसऱ्याने रंधावे, अशी कारखान्यातील वाटणी त्यांना मान्य नव्हती.

याच्या उलट मॉस्कोच्या तांत्रिक विद्यालयात व्हिक्टर देला-व्होस यांनी १८६८ पासून वेगळी रीत घातली होती. तेथे विद्यार्थी निरनिराळे सांधे क्रमाने शिकत. सांधा जमला की त्याचे काम संपले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ही रीत अमेरिकेने पाहिली आणि उचलली. अभियंता घडविण्यासाठी ती योग्य असेल. पण लहान मुलाला टाकून देण्याच्या सांध्यापेक्षा आईच्या हाती ठेवता येईल अशी वस्तू अधिक शिकवते, हा सालोमनपंथीयांचा दावा होता.

छोटी पेटी या दाव्याचे उत्तम उदाहरण ठरेल. समोरासमोरच्या दोन फळ्या केसभर लहानमोठ्या झाल्या, तरी चौकट तिरपी होते. ती काटकोनात आहे की नाही, हे दोन्ही कर्ण मोजले की कळते. शिक्षकाला विचारावे लागत नाही. लाकूड दमट हवेत रुंदीच्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही, हेही रुंद तळ घट्ट खिळून टाकणाऱ्याला पावसाळा शिकवतो. शब्दांनी मुलगा वेळ मारून नेऊ शकतो. डुगडुगणारे झाकण मात्र कोणाचीही भीड ठेवत नाही. आणि फळी टाकाऊ असल्यामुळे चुकण्याची धास्ती नसते. बिघडली तर दुसरी घ्यावी, पुन्हा आखावे.

टाकाऊ लाकडाची ही शक्ती लुईस ब्रिगम या अमेरिकन स्त्रीने विशेष ओळखली. आर्क्टिक प्रदेशातील स्पिट्सबर्गेन बेटावर, कोळशाच्या खाणीच्या वस्तीत राहताना, तिने मालाच्या रिकाम्या खोक्यांपासून घरसामान तयार केले. १९०९ मध्ये तिचे ‘बॉक्स फर्निचर’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे न्यूयॉर्कमधील ग्रेसी मॅन्शन या जुन्या वाड्यात ती परिसरातील मुलांना खोक्यांच्या फळ्यांवर सुतारकाम शिकवीत असे. १९४२ पासून महापौरांचे निवासस्थान झालेली वास्तू ती हीच. विकतचे लाकूड ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्यासाठी या वर्गाचे दार उघडे होते.

आपल्या देशाशीही या प्रवाहाचा संबंध आला. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनातून लक्ष्मीश्वर सिन्हा स्लॉइड शिकण्यासाठी स्वीडनला गेले. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगाला केंद्रस्थान देणारी योजना आखली. कताई-विणकामाबरोबर सुतारकामही त्यात होते. मात्र मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा पगार निघावा, ही त्या योजनेतील अपेक्षा वादाची ठरली. शाळेचा कारखाना होईल, अशी टीकाकारांची भीती होती. येथेच नेसचा धडा मोलाचा आहे: पेटी विकली गेली की नाही यापेक्षा ती करताना मूल कसे घडले, हे महत्त्वाचे.

मूलोद्योग शिक्षण आपल्याकडे टिकले नाही. त्याची कारणे अनेक आहेत. पण एक आपल्या घरातच आहे. हाताने काम करणाऱ्याला आपण कमी लेखतो. सुताराला दारात उभे करून पैसे देतो आणि मुलाला बजावतो, ‘अभ्यास केला नाहीस तर रंधा ओढावा लागेल.’ ज्या देशांत ही चळवळ जन्मली, तेथे परिस्थिती निराळी आहे. स्वीडन व फिनलंडच्या शाळांत हस्तकला आजही सक्तीचा विषय आहे, आणि मुलगे व मुली दोघेही तो शिकतात. डॉक्टर होणाऱ्या मुलीनेही लहानपणी करवत धरलेली असते. त्यामुळे सुताराच्या श्रमाची किंमत तिला कोणी सांगावी लागत नाही.

वाचकहो, आपल्या घरी फळांची खोकी येतात, जुन्या कपाटाच्या फळ्या माळ्यावर पडून असतात. येत्या सुट्टीत त्यांतील खिळे काढून एखादी फळी मुलांपुढे ठेवावी, आणि गावच्या सुताराला मानाने बोलावून खुर्ची द्यावी. पहिली पेटी वाकडी होईल. दुसरी थोडी कमी वाकडी होईल. तिसरीचे झाकण बसेल, त्या वेळी मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे.