दादा कोंडके, दोन अर्थ आणि आपला सीमाभाग



आपल्या या मालिकेत गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर येऊन गेले. राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवणारे पु. ल. आले, त्यांचे रावसाहेब तर दोनदा आले. बडोद्याच्या एका वाचकाने पाली शिकवता शिकवता चिमणराव लिहिणाऱ्या चिं. वि. जोशींवर सुरेख लिहिलं. विनोदाचा विषय निघाला की आपण एवढ्यावर थांबतो. पण बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात सगळ्यात जास्त माणसं ज्यांनी हसवली त्या दादा कोंडक्यांवर अजून कुणी एक ओळ लिहिलेली नाही. मी कॉमर्सचा माणूस, साहित्याचा नव्हे. खातेवहीत एवढी मोठी जमा रक्कम नोंदवायची राहिलेली दिसली म्हणून ही नोंद करतो आहे.

दादांचं नाव कृष्णा. जन्म ८ ऑगस्ट १९३२, मुंबईत नायगावला. घराणं मूळचं भोरकडचं, गिरणीत कामाला आलेलं. लालबाग-परळच्या चाळी, गणपतीतले मेळे, बँडपथक, गल्लीतल्या मारामाऱ्या, सोडावॉटरच्या बाटल्या, अशात बालपण गेलं. पुढे अपना बाजारात नोकरी केली आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात शिरले. हे कलापथक म्हणजे एक शाळाच होती. निळू फुले त्यातूनच आले. आपल्या न्हाव्याच्या धंद्याची कथा 'रामनगरी'त सांगून लोकांना हसवता हसवता डोळे पुसायला लावणारे राम नगरकरही त्यातलेच. ही मंडळी तालमीत जे शिकली ते कुठल्या नाट्यशाळेत मिळालं नसतं. माईक बंद पडला, पाऊस आला, प्रेक्षक उठून चालले, तरी बोलत राहायचं.

वसंत सबनीसांनी लिहिलेलं 'विच्छा माझी पुरी करा' १९६५ साली रंगमंचावर आलं. राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार आणि मैनावती. गोष्ट जुन्या वगाच्या घाटाची, पण टोमणे आजच्या कारभाराला. दादा हवालदार होते. या वगाचे पंधराशेच्या वर प्रयोग झाले. लिहिलेली संहिता एक आणि रोजचा प्रयोग वेगळा. सकाळच्या पेपरात जे आलं असेल ते रात्री हवालदाराच्या तोंडून बाहेर पडायचं. याला तमाशात बतावणी म्हणतात. गण झाला, गवळण झाली, की सोंगाड्याने पुढे येऊन सवाल-जवाबात सरकार, सावकार, पाटील सगळ्यांची हजेरी घ्यायची. राजाला वेडावायची मुभा राजवाड्यात फक्त विदूषकाला आणि गावात फक्त सोंगाड्याला. दादांनी ही मुभा शहरातल्या तिकिटाच्या थिएटरात आणली.

हा वग आशा भोसल्यांनी पाहिला, त्यांनी भालजी पेंढारकरांना सांगितलं, आणि भालजींच्या 'तांबडी माती'त १९६९ साली दादा पडद्यावर आले. त्या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिकही मिळालं. पण दादांचं युग सुरू झालं ते १९७१ च्या 'सोंगाड्या'पासून. दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी, लेखणी पुन्हा सबनीसांची. ढगळी चड्डी, लोंबणारी नाडी, आईच्या धाकातला भोळा नाम्या आणि तमाशातली कलावती. आईच्या भूमिकेत रत्नमाला, नायिका उषा चव्हाण. दादरच्या कोहिनूर थिएटरने हिंदी चित्रपटासाठी 'सोंगाड्या' बाजूला ठेवायचं ठरवलं, तेव्हा बाळासाहेब ठाकऱ्यांनी शिवसैनिक धाडले आणि 'सोंगाड्या' लागला. ही हकिगत मुंबईची. पण इथे तिचा अर्थ वेगळा लागला.

१ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला आणि बेळगावची आशा आणखी मागे पडली. मोर्चे, हरताळ, लाठ्या, तुरुंग हे घराघरात होतं. अशा वेळी 'मराठी चित्रपटाला मुंबईत थिएटर मिळत नव्हतं, ते भांडून मिळवलं' ही बातमी आमच्या कट्ट्यावर चित्रपटाची बातमी म्हणून आलीच नाही. ती सीमाप्रश्नाची बातमी म्हणून आली. मी तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो. कट्ट्यावरचे एक वयस्कर कार्यकर्ते म्हणाले, "दिल्लीला कागद पाठवून दमलो, खरं ह्या चड्डीवाल्यानं तासाभरात थेटर मिळवलं की!"

मग एकामागून एक येत गेले. 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', 'पांडू हवालदार', 'तुमचं आमचं जमलं', 'राम राम गंगाराम', 'बोट लावीन तिथं गुदगुल्या', 'ह्योच नवरा पाहिजे', 'आली अंगावर'. 'सोंगाड्या' धरून नऊ चित्रपटांनी पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव केला आणि गिनेस बुकात नोंद झाली. 'पांडू हवालदार' (१९७५) मधून अशोक सराफ घराघरात पोचले. संगीताची राम-लक्ष्मण ही जोडी त्याच चित्रपटातून आली, आणि जोडीला हे नावही दादांनीच दिलं. महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर यांचा आवाज ठरलेला. माणसं बदलायची नाहीत, घडी मोडायची नाही. कामाक्षी पिक्चर्स ही त्यांची संस्था म्हणजे एक चोख चाललेलं दुकान होतं. त्यांच्या विनोदाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, या दुकानदारीबद्दल कमी. अपना बाजारच्या गल्ल्याजवळ उभा राहिलेला माणूस होता तो. गिऱ्हाइकाला काय हवं हे त्याला पेपरातल्या परीक्षणातून समजून घ्यावं लागत नव्हतं.

हे मी कॅश काउंटरवरून पाहिलं. १९७२ ला बँकेत लागलो आणि काही वर्षं निपाणीला होतो. टॉकीजवाल्यांचा भरणा सोमवारी सकाळी यायचा. नोटा मोजताना कळायचं कुठला पिक्चर लागलाय. हिंदी चित्रपटाच्या भरण्यात बऱ्यापैकी कोऱ्या नोटा असत. दादांचा लागला की मळक्या, चार घड्या घातलेल्या, तंबाखूचा वास येणाऱ्या नोटा आणि पिशव्या भरून चिल्लर. वखारीतल्या बाया पदराच्या गाठीत बांधून आणलेले ते पैसे. आमचा शिपाई चिल्लर ओतायचा आणि म्हणायचा, "साहेब, दादा आले." मोजायला दीड तास जादा लागायचा, पण कुणी कुरकुरलं नाही.

आता मूळ मुद्दा. दादांचं नाव निघालं की सुशिक्षित माणूस दबकत बोलतो, कारण 'द्वयर्थी'. सेन्सॉर बोर्डाशी त्यांची कायम झोंबाझोंबी चाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: शब्द स्वच्छ आहे, दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या डोक्यात आहे. हे म्हणणं लबाडीचं आहे, पण खोटं नाही. 'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत लिहिली. दादांनी 'मागतो'चं 'मारतो' केलं आणि म्हणीचा पिक्चर झाला. एका अक्षराचं काम. 'मुका घ्या मुका' हे नाव घ्या. मुका म्हणजे न बोलणारा आणि मुका म्हणजे आई लेकराचा घेते तो. दोन्ही शब्द आजीच्या तोंडचे, दोन्ही निर्मळ. शेजारी शेजारी ठेवले आणि थिएटर कोसळलं.

दोन अर्थ मराठीला नवे नाहीत. नाथांच्या भारुडात वरचा अर्थ संसाराचा असतो, विंचू, जोशी, सासू-नवरा यांचा. आणि आतला अर्थ परमार्थाचा. ऐकणारा आधी हसतो, मग घरी जाताना विचारात पडतो. दादांनी तेच भांडं उलटं केलं. वरचा अर्थ सोवळा ठेवला आणि आतला ओवळा. गवळणीत मावशी आणि पेंद्या हेच तर करत आले. आपल्याच जिल्ह्यातलं कन्नड श्रीकृष्ण पारिजात घ्या, जे गोकाकजवळच्या कुलगोडच्या तम्मण्णांनी गावोगावी नेलं. त्यातही देवाची गोष्ट सांगता सांगता माणसाची थट्टा चालतेच. माती एकच, पीक दोन भाषांत.

याचा अर्थ दादांचं सगळंच झाकावं असा नाही. नव्वदच्या आसपासचे चित्रपट थकलेले होते. नायकाचं वय वाढलं, चड्डी तीच राहिली. विनोदाच्या आधी विनोद कळू लागला. बाईची थट्टा पुष्कळदा बाईच्याच वाट्याला उरली. उषा चव्हाणांसारखी दादांना तोडीस तोड उत्तर देणारी नटी समोर असली की जमायचं, नसली की ते नुसतं अंगचटीला यायचं. सबनीसांची लेखणी ज्यात होती आणि ज्यात नव्हती, यातला फरकही डोळ्यांत भरतो. 'विच्छा'तला हवालदार सत्तेला चिमटे काढत होता. पुढे पुढे चिमटा राहिला, सत्ता गेली.

हिंदीतही त्यांनी प्रयत्न केला. 'तेरे मेरे बीच में', 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में', 'आगे की सोच'. नावं गाजली, पण मराठीतली चव उतरली नाही. कारण दादांचा विनोद अंगविक्षेपात कमी आणि कानात जास्त होता. 'आये' ही हाक, 'ह्योच' मधला तो 'ह्यो', वाक्य अर्धं सोडून निरागसपणे बघणं, हे ज्याच्या घरात असं बोलतात त्यालाच पुरतं कळायचं. आमच्याकडे खेड्यात 'काय करूलालास?' असं विचारतात. शाळेत मास्तर त्यावर छडी मारत. पाठ्यपुस्तकातली मराठी वाचवण्यासाठी आम्ही मोर्चे काढले, आणि वखारीतली, बांधावरची मराठी मात्र लाजेनं खाली मान घालून होती. पडद्यावर राजासारखी बसलेली ती पहिल्यांदा दिसली दादांच्या चित्रपटात. निपाणीच्या बाया दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा का जात होत्या, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

शेवटी शेवटी दादांनी आपली जन्मकथा सांगितली. अनिता पाध्ये यांनी ती शब्दबद्ध केली. पुस्तकाचं नाव 'एकटा जीव'. आपल्याच गाजलेल्या चित्रपटाच्या नावातला 'सदाशिव' काढून टाकला की जे उरतं ते. एवढी माणसं भोवती, एवढे रौप्यमहोत्सव, आणि मागे वळून पाहताना माणसाला स्वतःसाठी हेच नाव सुचतं. तरुणपणी थोड्या काळात घरातली जवळची माणसं गेली आणि त्या दुःखातून ते हसवण्याकडे वळले. ते वाचल्यावर नाम्याचा भोळा चेहरा मला वेगळा दिसू लागला. तो चेहरा मूर्खाचा नव्हता. ज्याला वाईट गोष्ट समजून घ्यायचीच नाही असं ठरवलेल्या माणसाचा होता. १४ मार्च १९९८ ला दादा गेले.

आता थोडं आपल्याबद्दल. मागच्या दिवाळीत घरी 'पांडू हवालदार' लावला होता. मी आणि बायको हसत होतो. मुलगा अर्ध्या ठिकाणी हसला. नातू इंग्रजी माध्यमात, बाहेर कन्नड आणि हिंदी. तो आमच्या तोंडाकडे बघत होता. मग म्हणाला, "आजोबा, तो साधंच तर बोलला." मी समजावून सांगू लागलो आणि मध्येच थांबलो. समजावलेला विनोद म्हणजे वटलेला चेक, पुन्हा चालत नाही.

नातवाला मराठी येते. भाजी आणता येते, आजीशी बोलता येतं, पाटी वाचता येते. पण भाषेत एक शब्द दोन बाजूंनी दिसणं वेगळं. ती शिकवणी लावून येत नाही. कट्टा, चुलाणं, भजनाची ओसरी, थिएटरातली शिट्टी यातून येते. सीमाप्रश्नाचा निकाल कोर्ट लावेल तेव्हा लावेल. आपल्या भाषेचा निकाल मात्र रोज घरात लागतो आहे. सीमेच्या या बाजूला मराठी किती उरली हे मोजायला मला जनगणनेपेक्षा सोपं माप वाटतं: द्वयर्थी वाक्यावर खोलीतली किती माणसं एकदम हसली.

म्हणून एक विनंती. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा, जिथे कुठे असाल तिथे तुमच्या घरातली चावट, चटकदार म्हण, आजीचा टोमणा, गल्लीतल्या सोंगाड्याची बतावणी आठवत असेल तर खाली लिहा. शुद्धलेखनाची काळजी नको. जसं बोलत होते तसंच लिहा. आणि नातवंडांना अर्थ एकच सांगा. दुसरा त्यांचा त्यांना सापडू दे.