बॅकअप आहे, पण उघडेना

दिवाळीत अंकुशनगरला घरी गेलो, तर काकांच्या कॉम्प्युटरवर बॅकअपचं सॉफ्टवेअर सुरूच होईना. टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं, तेच सॉफ्टवेअर मागे अडकून पडलेलं. ते बंद केलं, तरी जैसे थे. शेवटी कळलं, त्याला लागणारं डॉटनेट रनटाइमच उडालं होतं. ते टाकलं अन् झालं चालू. हिशेबाच्या फाइली जागेवरच होत्या. त्या उघडणारं गेलं होतं.

हेच आमच्या भागानं मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. २०२३ मध्ये आमच्याच अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठी उपोषण झालं. सप्टेंबरात सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम काय, तर जुन्या कुणबी नोंदी शोधणं. कागद दप्तरांत होते, पण बरेच मोडीत नाहीतर उर्दूत. मोडी वाचणारे मोजकेच. नोंद वाचली जाईना, तोवर दाखला अडलेला.

मोडी ही शेकडो वर्षं कारभाराची लिपी. हात न उचलता भरभर लिहायची. छपाईला बाळबोध सोयीची पडली, मोडी शाळेतून गेली, कागद मागे राहिले. २०१४ मध्ये ती युनिकोडमध्ये आली खरी, पण जुनं हस्ताक्षर लावायला अजून जाणकार माणूस लागतोच.

म्हणून सांगतो, बॅकअप घेऊन निवांत बसू नका. महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल परत काढून उघडून बघा. अन् घरात मोडी कागद सापडला, तर रद्दीत घालण्याआधी वाचणारा गाठा.